तराजूसाहेबांच्या चार रिमा

पहिली रिम मोडली त्यात तराजूसाहेबांचा काडीमात्र दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे दोष कुणाचा यावरून त्यांच्या घरात, बिल्डिंगमध्ये, कचेरीत आणि दोन सरकारी खात्यांत एवढी भवति न भवति झाली, की मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. मूळ मुद्दा एवढाच, की साहेब कचेरीच्या आवारात गाडी मागे घेत होते आणि वॉचमन 'येऊ द्या' म्हणत होता.

'येऊ द्या' म्हणणाऱ्या माणसाची जबाबदारी काय, याबद्दल कुठल्याही कायद्यात एक ओळ नाही. खरं तर असायला हवी. वॉचमन हात हलवत म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या." मग फूटपाथच्या कोपऱ्यावर धाडकन आवाज झाला, आणि मग तो म्हणाला, "बास."

"अरे, बास आधी म्हणायचं ना!" साहेब खिडकीतून ओरडले.

"आधी लागलं नव्हतं ना, साहेब," वॉचमन म्हणाला, आणि चहा प्यायला निघून गेला.

तराजूसाहेब हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते वजनमापे निरीक्षक. एकतीस वर्षं बाजारातले काटे, मापं, मीटरपट्ट्या आणि पेट्रोल पंप तपासत फिरले. कुणाचा काटा दहा ग्रॅमने इकडचा तिकडे झाला, की यांनी पावती फाडलीच म्हणून समजा. लाच नाही, ओळख नाही, 'जाऊ द्या हो' नाही. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि त्यांची एकच इच्छा होती: जाताना लोकांनी म्हणावं, या माणसाचं माप कधी चुकलं नाही. बढती दोनदा हुकली होती, घर भाड्याचं होतं, गाडी सतरा वर्षांची होती. तेव्हा मिरवण्यासारखं म्हणाल तर त्यांच्याकडे एवढं एकच होतं.

घरातही हाच कारभार. दूध मापून घ्यायचं, भाजी परत तोलायची, कणकेत पाणी किती घातलं ते विचारायचं. बायको म्हणायची, "अहो, मी काय दुकान मांडलंय का?" पण साहेब ऐकतील तर शपथ. एकोणतीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून तिने एकदाही ऐकले नव्हते. एकदा ते तिला दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला घेऊन गेले होते, पोटभर जेवून आले, आणि तरीही त्यांचं म्हणणं असं होतं की पत्रिकेवरची तारीख संदिग्ध छापलेली होती.

असो. तर रिम.

चौकातल्या चाकवाल्याने गाडी जॅकवर चढवली, मागचं चाक काढलं, टायरच्या आतल्या लोखंडी रिमवर हातोडी टिचकावली आणि मान हलवली. डॉक्टर मान हलवतात ना, तशी. "ही तडकलीय साहेब. हिचं आता काही होत नाही." मग त्याने बाकीची तीन चाकंही फिरवून पाहिली. ही सवय मोठी घातक. माणूस एका दाढेसाठी जातो आणि बाकीच्या दाढांची चौकशी सुरू होते. "या तिन्ही वाकल्यात. गंज तर बघा, बोट घातलं तर आरपार जाईल. चाळण्या झाल्यात यांच्या. चारी बदला."

"किती?"

"तुमचं मॉडेल बंद होऊन नऊ वर्षं झाली. कंपनीकडून मागवावी लागतील. चार रिमांचे बावीस हजार, टायर वेगळे. सहा आठवडे लागतील, पैसे आधी."

तराजूसाहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. मागच्याच महिन्यात एकाने त्या अख्ख्या गाडीला अठ्ठेचाळीस हजार देऊ केले होते, त्यात इंजिन, चार दारं, सीटा आणि हॉर्न सगळं आलं. "म्हणजे निम्मी गाडी नुसती बुडाखाली?" ते म्हणाले. "लोखंडाच्या चार थाळ्या! यात इंजिन आहे का? दिवा आहे का? नुसतं गोल फिरायचं, त्याचे बावीस हजार?" चाकवाला नट गोळा करत राहिला. किंमत त्याने ठरवलेली नव्हती, तरी सगळ्या गावाचा राग ऐकून घ्यायचं काम त्याच्याकडेच होतं.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये बातमी पसरली आणि सल्ले आले. सल्ल्याचं बरं असतं, त्याला ऑर्डर द्यावी लागत नाही, घरपोच येतो. तळमजल्यावरचे रिटायर्ड बँकवाले म्हणाले, "अलॉयच्या घाला. महाग पडतील, पण गाडी विकताना पैसे वसूल."

"मला गाडी विकायची नाहीये."

"म्हणूनच सांगतोय. विकाल तेव्हा माझी आठवण येईल."

साहेब नुसते तळमळले.

मग आला मेहुणा. हा बायकोचा धाकटा भाऊ जगात कुठलीही वस्तू दुकानातून घेत नाही, सगळं ओळखीतून. त्याच्या ओळखीच्या एकाने गाडी भंगारात काढली होती. "चार रिमा आहेत, भाऊजी. टायरसकट! टायर तर असे, की जमिनीला लागलेत की नाहीत अशी शंका यावी. सगळे मिळून साडेसहा हजार. नटांची भोकं चार, तुमचीही चार. अजून काय पाहिजे?"

बावीस कुठे आणि साडेसहा कुठे! तराजूसाहेबांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली. इथेच सगळं फसलं, पण ते त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी चार चाकं चाकवाल्याकडे येऊन पडली. त्याने एक उभं केलं, वरून खालून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही लहान आहेत. ही बाराची, तुमची तेराची."

"बारा काय आणि तेरा काय?"

"बारा इंची. तेरा इंची."

चाकवाल्याला कल्पना नव्हती की त्याने कुठल्या जखमेवर बोट ठेवलं. इंच! एकतीस वर्षं साहेबांनी इंचाशी लढा दिला होता. कापडबाजारातून, पाइपाच्या दुकानांतून, प्लायवूडच्या वखारींतून त्यांनी इंच शोधून शोधून हाकलला होता. व्यवहारात इंच वापरणं बेकायदेशीर आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे, जॅकच्या शेजारी उभं राहून, चाकवाल्याला पाऊण तास समजावलं. दोन गिऱ्हाइकं ऐकून निघून गेली.

"बरं बाबा, सेंटिमीटर म्हणा," चाकवाला शेवटी म्हणाला. "पण लहान आहेत."

"लहान-मोठं डोळ्याने ठरत नसतं!" साहेबांनी गाडीचं पुस्तक काढलं. त्यातही माप इंचातच छापलेलं होतं, तेव्हा कंपनीला पत्र लिहायचं असं मनात टिपून ठेवत त्यांनी तेराचे सेंटिमीटर केले. तेहेतीस. मग खिशातून स्टीलची टेप काढली. सरकारी शिक्क्याची, गेल्याच महिन्यात तपासून आणलेली. रिमच्या एका काठावर टोक ठेवलं, दुसऱ्या काठापर्यंत ओढलं, चष्मा वर करून वाचलं. "तेहेतीस पूर्णांक तीन. वाचा! तीन मिलिमीटर जास्तच भरतंय. कुठे आहे लहान?"

"साहेब, रिमचं माप काठापासून घेत नाहीत. टायर आत जिथे बसतो ना, तिथून घेतात. काठ त्याच्या वर असतो."

"असं?" साहेब हसले. ते हसू बाजारातले लोक ओळखून होते आणि त्याला घाबरून होते. "कापडवाला मला हेच सांगतो. मीटर इथून नाही साहेब, तिथून. गोडेतेलवालाही हेच सांगतो. माप काठापर्यंत नाही साहेब, खुणेपर्यंत. आणि आता तुम्ही मला मोजायला शिकवणार?"

"बरं, मग तुमची जुनी रिम अशीच काठापासून मोजून बघा. कळेल."

"ती वाकलेली आहे. वाकलेल्या वस्तूचं माप ग्राह्य धरत नाहीत. नियम आहे."

चाकवाल्याने हात जोडले. "तुमची गाडी, तुमची टेप. बसवतो." साहेबांनी त्याच्याकडून पावतीवर '३३ सें.मी.' असं लिहूनही घेतलं, आणि डोळ्यासमोर लबाडी पकडल्याच्या समाधानात घरी आले.

"अहो, गाडी खाली बसलीय का?" बायकोने गॅलरीतूनच विचारलं.

"नवे टायर आहेत. हळूहळू फुलतात."

"पुरी आहे का ती?"

साहेब उत्तर न देता आत गेले. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे त्यांचा मान वाढवणं असतं, असं त्यांचं मत होतं.

पहिला महिना तर कौतुकातच गेला. गाडी पूर्वी लिटरला चौदा द्यायची, ती आता साडेपंधरा द्यायला लागली. मेहुणा म्हणाला, "बघा! रिमांचा गुण." साहेब बँकवाल्यांना दारात गाठून म्हणाले, "अलॉय घ्यायला सांगत होतात ना? ऐका, साडेपंधरा!" फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची. रस्त्यावरचे लोक अचानक बेफाम चालवायला लागले होते. साहेब नियमाप्रमाणे बरोबर पन्नासने चाललेत, आणि स्कूटरवाले, टेम्पोवाले, एकदा तर शाळेची बससुद्धा हॉर्न वाजवत पुढे. समाज कुठे चाललाय, असं ते रोज जेवताना म्हणायचे.

आणि मग त्यांना किलोमीटरच्या दगडांची चोरी सापडली.

तपासणीसाठी त्यांना महिन्यातून सात-आठ वेळा शहराबाहेरच्या धान्यगोदामांकडे जावं लागे. गाडी स्वतःची, मीटरचा आकडा वहीत लिहायचा, किलोमीटरमागे भत्ता मिळायचा. एक दिवस सहज त्यांचं लक्ष रस्त्याकडेच्या दगडांकडे गेलं. दहा दगड मागे पडले तेव्हा मीटर म्हणत होतं अकरा. पुन्हा पाहिलं. वीस दगड, बावीस किलोमीटर. साहेबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. किराणावाला दहा ग्रॅम मारतो, समजू शकतं. पण एक अख्खं खातं किलोमीटरच मारतं? हजार मीटर सांगून अकराशेवर दगड पुरायचा आणि जनतेला फसवायचं? एकतीस वर्षं आपण चिल्लर चोर पकडत बसलो आणि दरोडेखोर उघड्यावर, पांढरा रंग लावून, आकडे घालून उभे होते!

त्याच दुपारी त्यांनी रस्ते खात्याला तक्रार लिहिली. तीन प्रतींत. 'सदर दगड एक किलोमीटरपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त अंतरावर बसवण्यात आले असून ही बाब अत्यंत गंभीर आहे.' सोबत आपल्या वहीतल्या नोंदींचे उतारे जोडले. एकूण सव्वीस पानं. बायको म्हणाली, "अहो, दगडांचं तुम्हाला काय करायचंय?" ते म्हणाले, "आज दगड, उद्या काहीही होईल." ती कपडे वाळत घालायला गेली.

रस्ते खात्याने पत्र गांभीर्याने घेतलं, हेच दुर्दैव. सरकारी खातं एरवी कुठल्या पत्राला उत्तर देतं सांगा! पण इथे त्यांच्या इभ्रतीचा सवाल होता. चार माणसं साखळ्या घेऊन उन्हात सहा दिवस रस्ता मोजत गेली. दीड महिन्याने उत्तर आलं: सर्व दगड आपापल्या जागी बरोबर आहेत, तक्रारदाराने आपलं वाहन तपासून घ्यावं. आणि खाली, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: प्रत माहितीसाठी, तक्रारदाराचे वरिष्ठ आणि लेखापरीक्षण विभाग.

तिसऱ्या दिवशी ऑडिटच्या बाई टेबलासमोर येऊन बसल्या. बारीक अंगाच्या, बारीक आवाजाच्या. पेन्सिलला टोक काढता काढता बोलायची त्यांची पद्धत. "साहेब, गोदाम इथून किती लांब आहे?"

"सेहेचाळीस."

"अकरा वर्षं तुम्ही बेचाळीस लिहिलंय. गेले तीन महिने सेहेचाळीस. गोदाम सरकलं का हो?"

"बाई, मी मीटर बघून लिहितो. मीटर खोटं बोलत नाही!"

"मीटर नाही बोलत," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीचं टोक फुंकलं.

एका तासात कचेरीभर झालं. आणि साहेबांना जे सहन झालं नाही ते आता ऐका. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. उलट सगळ्यांना आनंद झाला! ज्या शिपायाने एकतीस वर्षं त्यांच्यापुढे चहाचा कप आदळला, तो दोन्ही हातांनी कप घेऊन आला, वर विचारलं, "साखर ठीक आहे ना साहेब?" हेडक्लार्कने खुर्ची जवळ ओढली, खांद्यावर हात टाकला. आजवर त्याची ती हिंमत झाली नव्हती. "साहेब, आम्हाला वाटायचं तुम्ही आमच्यातले नाहीच. आज बरं वाटलं. फक्त एक सांगू का? एकदम चार किलोमीटर वाढवायचे नसतात. या महिन्यात अर्धा, पुढच्या महिन्यात अर्धा. नजरेत येत नाही. विचारायचं तरी होतं, आम्ही काय परके आहोत?"

"मी चोरी केलेली नाही!" साहेब उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"बरोबर," हेडक्लार्क समजूतदारपणे म्हणाला. "असंच म्हणत राहा."

संतापाने साहेबांचे कान तापले. तडक निघाले, गाडी घेतली आणि चाकवाल्याकडे आले. रस्ते खातं लबाड, ऑडिट लबाड, उरला फक्त तो. "काढ चाक," ते म्हणाले. "आणि टायरही काढ. आज काय ते होऊन जाऊ दे."

चाकवाल्याने टायर सोडवला, रिम पुसली, आणि एक अक्षर न बोलता बाजूला झाला. हा त्याचा मोठेपणा म्हणायचा. साहेबांनी आपली टेप काढली. काठावर न ठेवता, आत, जिथे टायर घट्ट बसतो त्या कडेवर टोक धरलं आणि समोरच्या कडेपर्यंत ओढलं.

साडेतीस.

पुन्हा मोजलं. साडेतीस. आडवं मोजलं, उभं मोजलं, चष्मा पुसून मोजलं. साडेतीस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या त्या नतद्रष्ट भाषेत बारा इंच. लहान चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं, आणि बिचारं मीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतं. म्हणून दगड चोर, म्हणून स्कूटरवाले बेफाम, म्हणून लिटरला साडेपंधरा. साहेब टायरच्या ढिगावर मटकन बसले.

"मी त्या दिवशी सांगत होतो," चाकवाला हळूच म्हणाला.

"हेच लिहून दे. मी मुद्दाम केलं नाही म्हणून."

चाकवाल्याने दिलं लिहून. साधा माणूस, जे घडलं तेच लिहिलं: 'साहेबांनी स्वतःच्या टेपने स्वतः मोजले. मी नको म्हणत होतो. साहेबांना रिम मोजता येत नाही.' साहेबांनी तो कागद चारदा वाचला. त्यांच्या निर्दोषपणाचा जगातला एकमेव पुरावा, आणि त्यात त्यांची एकतीस वर्षांची अब्रू पाच शब्दांत गेलेली. एका गालावर थप्पड मारून दुसऱ्या गालाला मलम लावावं, तसला तो न्याय.

कचेरीत मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि कागद वाचला. मग तो टेबलावर पालथा ठेवला. "हे मी बघितलेलं नाही," ते म्हणाले.

"पण साहेब, यानेच सिद्ध होतं की मी चोर नाही!"

"तेच तर! अहो, चोर म्हणा ना. जास्तीच्या भत्त्याच्या तेराशे चाळीस रुपयांचा मामला आहे. पैसे भरा, मी तोंडी समज देतो, फाइल बंद. चोरी चालते आपल्याला, चोरीची सोय आहे नियमात. पण चूक?" त्यांनी आवाज खाली आणला. "निरीक्षकाला मोजता येत नाही असं एकदा रेकॉर्डवर आलं, की तुम्ही एकतीस वर्षांत ज्यांना दंड केला ते सगळे उद्या दारात. म्हणतील, आमचंही माप यांनी असंच घेतलं. लबाडी तुमच्या एकट्याची असते हो, चूक मात्र खात्याची होते. सोमवारी लेखी द्या. हेतुपुरस्सर, एवढा एक शब्द लिहा, बास."

साहेब बाहेर पडले ते डोक्यात एकच हिशेब घेऊन. चोर म्हणवून घ्यायचं की मूर्ख? चोर म्हटलं तर ठपका तोंडी, आठ महिन्यांचे राहिलेले पाच महिने सुखात, शिवाय हेडक्लार्कची मैत्री. मूर्ख म्हटलं तर ज्या एका गोष्टीसाठी जन्म काढला, तीच गेली. रडू येईल असं वाटलं त्यांना. आलंही थोडं, पण ते त्यांनी धुळीवर ढकललं.

बाजारातून जाताना किराणावाल्याने हाक मारली. हा जुना माणूस. सहा वर्षांपूर्वी साहेबांनी याला पंधरा ग्रॅमसाठी दंड ठोकला होता. "साहेब, काय ऐकतोय? लोक म्हणतात तुम्ही किलोमीटर चोरले. मला नाही पटत."

साहेबांना गहिवरून आलं. "नाही ना पटत?"

"छे! तुम्ही कसले चोरताय. कुठेतरी मोजण्यात गफलत झाली असेल." तो पुडी बांधता बांधता सहज बोलत होता. "माझ्या वेळी पण असंच होतं ना. पारड्याखाली पिठाचा थर बसला होता, मला दिसलाच नाही. मी तुमच्या हातापाया पडत होतो, साहेब, चूक झाली, लबाडी नाही. तुम्ही लिहिलंत, हेतुपुरस्सर. पोरीच्या सासरी पेपरात वाचलं त्यांनी. दोन वर्षं ती माहेरी आली नाही." त्याने पुडीचा दोरा तोडला. "जाऊ द्या. तुमचंही कामच होतं ते."

तराजूसाहेब दुकानासमोर उभे राहिले. गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. पारडं उलटं करून त्यांनी पिठाचा थर नखाने खरवडला होता, आणि हा माणूस खरं बोलतोय असं क्षणभर वाटलंही होतं. पण वाटण्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

"चूकच होती तुमची," ते शेवटी म्हणाले. "लबाडी नव्हती. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

किराणावाल्याने मान वर केली. "मग दंड परत मिळतो का?"

"नाही."

"वाटलंच," तो म्हणाला. पण त्याने दुकानाबाहेर येऊन साहेबांना खुर्ची दिली.

सोमवारी साहेबांनी लेखी दिलं. मोठ्या साहेबांनी मसुदा करून ठेवला होता, तो बाजूला सारला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'मला रिम मोजता आली नाही. मला सांगण्यात आलं होतं, मी ऐकलं नाही. यात लबाडी नाही, चूक आहे, आणि ती माझी आहे. रस्ते खात्याचे दगड बरोबर आहेत.' खाली किराणावाल्याच्या खटल्याबद्दलही चार ओळी लिहिल्या. मोठे साहेब डोकं धरून बसले. ऑडिटच्या बाईंनी कागद वाचला, जास्तीचे तेराशे चाळीस जमा करून घेतले, आणि जाताना पहिल्यांदाच पेन्सिल खाली ठेवून त्यांना नमस्कार केला. शिपायाने मात्र दुपारी चहाचा कप पुन्हा आदळला. हेडक्लार्क तर दोन दिवस बोललाच नाही. त्याला फसवल्यासारखं वाटत होतं.

खटले काही दारात आले नाहीत. आला तो हुकूम: सदर निरीक्षकाने 'मापनाची मूलतत्त्वे' हे तीन दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण करावं. शिकवणार कोण, तर साहेबांनीच हाताखाली तयार केलेला निरीक्षक. बसायचं कुणाबरोबर, तर मागच्या आठवड्यात लागलेल्या पोरांबरोबर. विषय पहिला: टेप कशी धरावी.

हुकूम खिशात घालून साहेब घरी आले. येताना कंपनीच्या रिमांची आगाऊ रक्कम भरून आले होते; मधल्या तीन महिन्यांत भाव वाढून सव्वीस हजार झाला होता, टायर वेगळे, आणि जुन्या चार रिमा मेहुण्याचा माणूस फुकटही परत घेईना. एरवी या सव्वीस हजारांवर त्यांनी आठवडाभर भाषण दिलं असतं. आज सोफ्यावर टेकले आणि छताकडे बघत राहिले.

बायकोने पाण्याचा ग्लास आणून दिला, किती मिलिलिटर ते त्यांनी विचारलं नाही, आणि तिला काळजी वाटली. "अहो, काय झालं? बरं नाही का वाटत?"

"मी लिहून दिलं," ते म्हणाले.

"काय?"

"की..." घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा खाकरला. "की माझं चुकलं."

बायको तिथेच खाली बसली. पदराने डोळे पुसले. हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही कळलं नसावं. "पुन्हा म्हणा."

"माझं चुकलं म्हटलं ना! त्यात पुन्हा काय? सव्वीस हजार गेले, साडेसहा वाया गेले, तेराशे चाळीस भरले, उद्यापासून टेप धरायला शिकायला जायचंय, आणि तू हसतेस?"

"सगळे मिळून किती झाले हो?"

"तेहेतीस हजार आठशे चाळीस."

"एकोणतीस वर्षं मी हे ऐकायला थांबले होते," ती म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली. "स्वस्तातच पडलं म्हणायचं."